पंधराव्या नंबरचा चॅम्पियन

चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची ३१ मे २०२५ ची फायनल संपली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजत आले होते. म्युनिकमध्ये पॅरिसच्या पीएसजीने इंटर मिलानला ५-० ने हरवलं, आणि युरोपियन कप (याच स्पर्धेचं जुनं नाव) सुरू झाल्यापासून कुठल्याच फायनलमध्ये एवढा फरक पडला नव्हता. हकीमीचा एक गोल, एकोणीस वर्षांच्या देझिरे दुएचे दोन, क्वारात्स्खेलियाचा एक, आणि शेवटी सेनी मायुलू नावाचा अजून एक एकोणीस वर्षांचा पोरगा आला आणि पाचवा मारून गेला. अशा रात्रीनंतर निदान दोन दिवस तरी लोक खेळाबद्दल बोलतील असं वाटलं होतं. पण रविवारी सकाळी टपरीवर पहिलंच वाक्य कानावर पडलं ते असं, की अरे हा तर लीग फेजमध्ये, म्हणजे नॉकआऊटच्या आधीच्या टेबलमध्ये, पंधरावा आलेला संघ, मग सप्टेंबर ते जानेवारी त्या आठ-आठ मॅचेस खेळवल्या कशाला? आणि नंतर महिनाभर जिथे जाईन तिथे हेच. पंधरावा आलेला जिंकला, पहिला आलेला लिव्हरपूल पहिल्याच नॉकआऊटला घरी गेला, म्हणजे नवीन फॉरमॅट फालतू, संपला विषय.

विषय संपलेला नाहीये, आणि मला हा वाद ज्या पद्धतीने घातला जातो तीच मुळात चुकीची वाटते. माझं म्हणणं सरळ आहे. २०२४-२५ चा तो ३६ संघांचा एकच टेबल (पहिले आठ थेट शेवटच्या सोळात, नववा ते चोविसावा आधी दोन मॅचेसच्या प्लेऑफमध्ये, बाकीचे घरी) आधीच्या आठ ग्रुपांपेक्षा चांगला होता, पीएसजीचं पंधराव्या नंबरावरून चॅम्पियन होणं हा त्या टेबलचा दोष नव्हे, आणि या सीझनबद्दल चिडायचंच असेल तर चिडायला खरी जागा वेगळीच आहे, तिकडे मात्र कोणी बघत नाही.

आधी ते पंधराव्या नंबराचं बघू. आपल्याकडे चाळिशीपुढच्या कुठल्याही क्रिकेटवेड्या माणसाला विचारा, वर्ल्डकपचा सगळ्यात भारी फॉरमॅट कुठला, तो १९९२ सांगणार. नऊ संघ, एकच टेबल, प्रत्येकाच्या आठ मॅचेस, वरचे चार सेमीफायनलला. त्या टेबलमध्ये पाकिस्तानच्या पहिल्या पाच मॅचेस आठवा. एक जिंकली, तीन हरले, आणि एक पावसाने वाचवली, ती ॲडलेडची, जिच्यात इंग्लंडने त्यांना ७४ मध्ये गुंडाळलं होतं. आता पीएसजीच्या पहिल्या पाच बघा. जिरोनाला हरवलं, पीएसव्हीशी बरोबरी, आणि आर्सेनल, ॲटलेटिको माद्रिद, बायर्नकडून हार. एक जिंकली, एक वाटून घेतली, तीन हरले. अगदी तोच हिशोब! पुढचं साम्य तर मला लिहून काढल्यावरच दिसलं. १९९२ ला टेबलमध्ये पहिला आला न्यूझीलंड, आठातल्या सात जिंकून, हरला फक्त शेवटची. २०२४-२५ ला पहिला आला लिव्हरपूल, आठातल्या सात जिंकून, हरला फक्त शेवटची, पीएसव्हीकडे ३-२. न्यूझीलंडला नॉकआऊटच्या पहिल्याच मॅचमध्ये ऑकलंडला, त्यांच्या घरात, पाकिस्तानने बाहेर काढलं. लिव्हरपूलला नॉकआऊटच्या पहिल्याच फेरीत ॲनफिल्डवर, त्यांच्या घरात, पीएसजीने बाहेर काढलं. तेव्हा कोणी म्हणालं का, की चौथ्या नंबरच्या पाकिस्तानने कप नेला म्हणून तो टेबल निरर्थक होता? उलट तेहेतीस वर्षं झाली तरी आपण त्याच टेबलची आठवण काढतोय. मग जो न्याय तिकडे लावला तो इकडे का नाही?

आता कोणी म्हणेल, चौथा आणि पंधरावा यात फरक आहे, नऊतले चार पुढे जाणं आणि छत्तीसातले चोवीस पुढे जाणं यात फरक आहे. आहेच. नव्या फॉरमॅटवरचा हा सगळ्यात जोरदार आक्षेप आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. चोवीस म्हणजे दोन तृतीयांश झाले. मँचेस्टर सिटी आठ मॅचेसमध्ये ११ पॉइंट करून बाविसावी आली आणि तरी पुढे गेली, आता एवढं वाईट खेळून पुढे जाता येत असेल तर धाक कसला राहिला, हा प्रश्न कोणालाही पडेल. पण जुन्या पद्धतीत काय होतं ते जरा नीट मोजा. ३२ संघ, आठ ग्रुप, प्रत्येक ग्रुपमधले दोन पुढे, म्हणजे सोळा. इथपर्यंत सगळे मोजतात. तिसऱ्या नंबरचं काय व्हायचं? तो युरोपा लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धेत जायचा. म्हणजे ३२ मधले चोवीस संघ फेब्रुवारीतही युरोपात खेळतच असायचे, फक्त आठ पाडले जायचे. २०२२-२३ ला सेव्हिया ग्रुपमध्ये तिसरी आली, खाली उतरली, आणि खालची ट्रॉफी घेऊन आली, त्या ट्रॉफीच्या जोरावर पुढच्या वर्षी परत चॅम्पियन्स लीगमध्ये. याला म्हणतात गादी अंथरून ठेवणं. २०२४-२५ पासून ती गादी काढून घेतली, पंचविसावा आला की सीझन संपला, खाली कुठेही जागा नाही. बारा संघ थेट घरी गेले. लाइपझिग बत्तिसावी, घरी. जिरोना, घरी. श्टुटगार्ट १० पॉइंट करून सव्विसावी, घरी. तेव्हा जाळं कुठे मोठं होतं ते आकडे घेऊन बसलं की उलटंच दिसतं.

आणि धाक म्हणाल तर त्या आधीच्याच वर्षी, २०२३-२४ ला, सिटी, रेआल माद्रिद आणि बायर्न हे तिघेही चार मॅचेसनंतर पुढच्या फेरीत पोचलेले होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच, उरलेल्या दोन मॅचेस फक्त पहिला नंबर पक्का करायला. दर वर्षी हेच व्हायचं, डिसेंबरातल्या निम्म्या मॅचेसमध्ये राखीव खेळाडू उतरायचे आणि आपण रात्री दीडचा अलार्म लावायचा की नाही यावर विचार करायचो. २०२४-२५ ला याच तिघांचं काय झालं? रेआल अकरावी, बायर्न बारावी, सिटी बाविसावी. तिघांनाही प्लेऑफ खेळावा लागला, त्यात सिटी आणि रेआल एकमेकांसमोरच आले आणि सिटी फेब्रुवारीतच संपली. बायर्नला सेल्टिकने दुसऱ्या मॅचमध्ये ९४ व्या मिनिटापर्यंत घाम फोडला होता, डेव्हिसचा गोल आला म्हणून एक्स्ट्रा टाइम टळला. मोठ्या क्लबांना फेब्रुवारीत, स्वतःच्या घरच्या मैदानावर, घड्याळाकडे बघत बसलेलं गेल्या वीस वर्षांत किती वेळा पाहिलं आपण?

या टेबलने काय बदललं ते मला सिटी-रेआलपेक्षा डिनामो झाग्रेबने जास्त शिकवलं, आणि ही गोष्ट आपल्याकडे कोणी बोलतच नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. १७ सप्टेंबर २०२४, अगदी पहिला आठवडा, डिनामो म्युनिकमध्ये बायर्नसमोर. हाफटाइमला ०-३. मग पाच मिनिटांत दोन गोल मारून त्यांनी ३-२ केलं, आणि क्षणभर वाटलं की काहीतरी होतंय. त्यानंतर बायर्न सुटली ती थेट ९-२ वर थांबली, केनचे चार, त्यातले तीन पेनल्टीवर. त्या मॅचमधली शेवटची पंधरा मिनिटं लक्षात ठेवा. स्कोअर ६-२ होता, मॅच कधीच गेलेली, त्या पंधरा मिनिटांत अजून तीन पडले. जुन्या पद्धतीत याला काही किंमत नव्हती, हार ती हार, आणि ग्रुपमध्ये पॉइंट सारखे झाले तर आधी आपसातल्या मॅचेस बघायचे.

आता तिथून जानेवारीच्या २९ तारखेला या. शेवटची रात्र, अठरा मॅचेस एकाच वेळी सुरू. डिनामोच्या कोचच्या खुर्चीवर तोवर फाबिओ कान्नावारो आलेला, समोर एसी मिलान, आणि डिनामोने मिलानला २-१ ने हरवलं! एकूण ११ पॉइंट. तिकडे मँचेस्टरमध्ये क्लब ब्रुज हाफटाइमला १-० ने पुढे होती आणि सिटी तेवढ्या वेळापुरती स्पर्धेबाहेर होती, मग सिटीने तीन मारले, ब्रुज हरली आणि ११ वरच अडकली. सिटीचे ११, स्पोर्टिंगचे ११, ब्रुजचे ११, डिनामोचे ११. चोविसावी जागा एकच उरली होती आणि ती ठरली गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल. ब्रुज उणे चार, डिनामो उणे सात. तीन गोलांचा फरक! ते तीन गोल कुठले ते सांगायला नकोच. म्युनिकमधली ती शेवटची पंधरा मिनिटं. बायर्न ६-२ वर थांबली असती तर दोघांचा फरक उणे चारच राहिला असता आणि जास्त गोल मारलेले म्हणून डिनामो पुढे गेली असती. चार महिन्यांपूर्वी हरलेल्या मॅचमध्ये, सगळं संपल्यावर, एखादा डिफेंडर दमून दोन पावलं कमी धावला असेल, त्याची किंमत जानेवारीत मोजावी लागली. आठ मॅचेसना अर्थ नव्हता म्हणणाऱ्याने हे एकदा झाग्रेबला जाऊन सांगावं.

काही जण या सगळ्याच्या पलीकडे जातात. त्यांना ग्रुपही नकोत आणि टेबलही नको, त्यांना १९९१ च्या आधीचा शुद्ध युरोपियन कप हवाय, फक्त चॅम्पियन संघ, घरी एक मॅच, बाहेर एक मॅच, हरला तो बाहेर. या लोकांबद्दल मला खरंच आदर आहे, कारण त्यांचं प्रेम जुनं आहे आणि त्या पद्धतीत बुखारेस्टचा आणि बेलग्रेडचा क्लब युरोपचा राजा होऊ शकत होता, जे आज जवळपास अशक्य झालंय. हा तोटा खराखुरा आहे, नवा फॉरमॅट तो भरून काढत नाही आणि काढेल असा आवही कोणी आणू नये. पण शुद्ध म्हणताना १९८७-८८ चा सीझन डोळ्यासमोर आणा. पहिल्याच फेरीत चिठ्ठी निघाली रेआल माद्रिद विरुद्ध नापोली. मॅराडोनाची नापोली, इटलीची चॅम्पियन, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच युरोपियन कपमध्ये. पहिली मॅच माद्रिदला रिकाम्या स्टेडियममध्ये झाली, कारण आधीच्या सीझनमधल्या प्रेक्षकांच्या वागणुकीची शिक्षा होती. रेआल २-० जिंकली, नेपल्सला १-१ झालं, आणि सप्टेंबर संपायच्या आत मॅराडोनाचा युरोपियन कप खलास. दोन मॅचेस! जगातला सगळ्यात मोठा खेळाडू, त्यातली एक मॅच रिकाम्या खुर्च्यांसमोर. आणि त्याच सीझनला जिंकलं कोण तर पीएसव्ही आइंडहोवन, ज्यांनी क्वार्टर फायनलपासून फायनलपर्यंतच्या पाच मॅचेसपैकी एकही जिंकली नाही. पाचही बरोबरीत. बाहेरच्या मैदानावर मारलेल्या गोलांवर बोर्डोला काढलं, त्याच नियमावर रेआलला काढलं, फायनलला ०-० आणि मग पेनल्टीवर बेनफिका. मी पीएसव्हीचा कप हिरावून घेत नाहीये, नियमात राहून जिंकले, त्यांचाच आहे तो. पण पाच मॅचेसमध्ये एकदाही न जिंकता मिळालेला कप शुद्ध, आणि पंधराव्या नंबरावरून येऊन लिव्हरपूल, ॲस्टन व्हिला, आर्सेनल आणि इंटरला ओळीने पाडून मिळालेला कप अशुद्ध, हे कुठलं मोजमाप?

लिव्हरपूलचं दुःख मात्र समजण्यासारखं आहे. सात जिंकून पहिले आले, बक्षीस म्हणून प्लेऑफ टळला, आणि समोर आली तेव्हा युरोपात सगळ्यात फॉर्मात असलेली टीम. पॅरिसच्या पहिल्या मॅचमध्ये पीएसजीने २७ शॉट मारले, लिव्हरपूलने दोन, त्यातल्या एकावर एलियटने ८७ व्या मिनिटाला गोल केला आणि ॲलिसनने एकट्याने मॅच वाचवली. ॲनफिल्डला डेम्बेलेने बाराव्या मिनिटाला हिशोब बरोबरीत आणला आणि पेनल्टीला डोन्नारुम्मा उभा राहिला. लोक म्हणतात टेबलमध्ये पहिलं येऊन मिळालं काय? मला वाटतं हा प्रश्न चुकीच्या स्पर्धेला विचारला जातोय. वर्षभर सातत्याने चांगलं खेळण्याचं बक्षीस द्यायला एक स्पर्धा आहेच, तिला लीग म्हणतात, आणि त्या वर्षीची प्रीमियर लीग लिव्हरपूलनेच जिंकली. कपचं काम वेगळं आहे. वसंतात, एकमेकांसमोर उभं राहिल्यावर, कोण टिकतं ते बघणं. आपल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, तेव्हा हे दोन वेगळे मान होते, टेबलमध्ये पहिल्याला शील्ड आणि प्लेऑफ जिंकणाऱ्याला कप. २०२४ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याला शेवटच्या लीग मॅचमध्ये मोहन बागानने मुंबई सिटीला हरवून शील्ड नेलं आणि तीनच आठवड्यांत त्याच मैदानावर मुंबईने बागानला ३-१ ने हरवून कप आणला. तेव्हा मुंबईतला कोणी माणूस म्हणाला नाही की हा कप खोटा आहे. युरोपियन कपची तर ही जुनीच रीत आहे. १९९९ ची मँचेस्टर युनायटेड, जिच्या फायनलची शेवटची तीन मिनिटं आपल्यातले कित्येक जण अजून तोंडपाठ सांगतात, ती ग्रुपमध्ये दुसरी होती, पहिली होती बायर्न, आणि त्याच बायर्नला त्यांनी फायनलला हरवलं. तो सीझन कोणी निरर्थक म्हणतं का?

तरीही एक गोष्ट लिव्हरपूलवाल्यांची बरोबर होती, की वरच्या नंबरांना पुढच्या फेऱ्यांमध्ये काहीच उपयोग उरत नव्हता. दुसरी मॅच घरी खेळायचा फायदा टेबलवरून मिळायचा तो फक्त त्या एका फेरीपुरता, क्वार्टर आणि सेमीला पुन्हा सगळं चिठ्ठीवर. आर्सेनल तिसरी येऊनही पंधराव्या पीएसजीविरुद्ध सेमीची दुसरी मॅच पॅरिसमध्ये खेळली. हे चुकलंच होतं, आणि यूएफाने, म्हणजे ही स्पर्धा चालवणाऱ्या युरोपियन फुटबॉल संघटनेने, २०२५-२६ साठी ते बदललं, आता वर आलेल्याला क्वार्टर आणि सेमीलाही दुसरी मॅच घरी. अशी दुरुस्ती करता येते म्हणजे पायाच सडलाय असं नसतं.

आता तो आक्षेप जो मला स्वतःला सगळ्यात जास्त अडवतो. १९९२ च्या टेबलमध्ये प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळला होता. इथे नाही. ३६ संघांचा टेबल एक, पण प्रश्नपत्रिका ३६ वेगवेगळ्या. आधी संघांचे ताकदीनुसार चार गट म्हणजे पॉट पाडतात आणि प्रत्येक पॉटमधून दोन प्रतिस्पर्धी. ऐकायला समान वाटतं, पण पीएसजीच्या वाट्याला पॉट एकमधून सिटी आणि बायर्न, दोनमधून आर्सेनल आणि ॲटलेटिको, तीनमधून पीएसव्ही आणि साल्झबुर्ग, चारमधून जिरोना आणि श्टुटगार्ट. आता साल्झबुर्ग आणि एखादा फॉर्मातला संघ एकाच पॉटमध्ये असतात तेव्हा कोणाला कोण मिळालं यावर पाच-सहा नंबर इकडचे तिकडे होणारच. मान्य. पण मग याच मान्यतेतून पुढचं पाऊल टाका ना. पीएसजी पंधरावी का आली याचं निम्मं उत्तर त्या यादीतच आहे. ज्या टेबलला तुम्ही असमान म्हणता त्याच टेबलच्या जोरावर ‘पंधरावा’ हा शिक्का एका संघाच्या कपाळावर कसा मारता? दोन्ही गोष्टी एकदम नाही बोलता येत. आणि जुने ग्रुप तरी कुठे समान होते? २०२३-२४ ला याच पीएसजीच्या ग्रुपमध्ये डॉर्टमुंड, मिलान आणि न्यूकॅसल होते, पीएसजी आणि मिलान दोघांचे आठ-आठ पॉइंट, एक पुढे एक खाली. चिठ्ठी वाईट निघाली की तीन संघांसोबत सहा मॅचेस कोंडून घ्यायच्या, सुटका नाही. आठ वेगवेगळे प्रतिस्पर्धी असले की नशिबाचा वाटा निदान पसरतो तरी.

लहान क्लबांबद्दल दोन्ही बाजूंनी फार भावनिक बोललं जातं, म्हणून एक सुखाची आणि एक दुःखाची अशा दोन्ही गोष्टी सांगतो. ब्रेस्त, फ्रान्सच्या पश्चिम टोकाचं बंदराचं शहर, इतिहासात पहिल्यांदा युरोपात. त्यांचं स्वतःचं स्टेडियम यूएफाच्या निकषात बसत नव्हतं म्हणून घरच्या मॅचेस त्यांनी गँगाँ नावाच्या छोट्या गावात जाऊन खेळल्या. साल्झबुर्गला त्यांच्याच गावात चार मारले, तेव्हाच्या जर्मन चॅम्पियन लेव्हरकुसेनशी बरोबरी केली, पीएसव्हीला हरवलं, १३ पॉइंट, अठरावा नंबर, पीएसजीइतकेच पॉइंट. चौथ्या पॉटमधल्या नवख्या संघाला जुन्या ग्रुपमध्ये तीन प्रतिस्पर्धी मिळाले असते, त्यात दोन राक्षस. इथे त्यांना आठ रात्री मिळाल्या. पुढे प्लेऑफमध्ये पीएसजीने त्यांना दोन मॅचेस मिळून १०-० ने चिरडलं, हेही खरं, आणि ते बघताना वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाची. जुलैमध्ये पहिल्या पात्रता फेरीपासून सुरुवात, चार फेऱ्या, आठ मॅचेस, मग कुठे मुख्य स्पर्धा, आणि तिथे आठच्या आठ हार. शून्य पॉइंट. स्वित्झर्लंडच्या यंग बॉइजचंही तेच. इथे माझ्याकडे सुंदर उत्तर नाही. स्पर्धेत नुसतं पोचल्याचे प्रत्येक क्लबला एक कोटी ८६ लाख युरो मिळतात, एक मॅच जिंकली की वर २१ लाख. आठ हारून परत आलेला क्लबसुद्धा त्याच्या देशातल्या बाकी क्लबांपेक्षा इतका श्रीमंत होऊन परततो की घरची लीग पुढची कित्येक वर्षं त्याचीच, स्लोव्हाकियात ती आधीच वर्षानुवर्षं स्लोव्हानच जिंकतेय. हा पैशाच्या वाटपाचा प्रश्न आहे, तो ग्रुप असतानाही होता आणि टेबल आल्यावरही आहे. पण ‘चोवीस संघ पुढे जातात’ यावर घसा फोडणाऱ्या किती जणांनी हा प्रश्न एकदा तरी विचारला?

तसंच त्या सुपर लीगचं. १८ एप्रिल २०२१ ला बारा श्रीमंत क्लबांनी वेगळी चूल मांडली, इंग्लंडमधले प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि तीन दिवसांत ती विझली. यूएफाने नव्या फॉरमॅटला मंजुरी दिली ती सुपर लीगच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी. त्यामुळे मागच्या दाराने आलेली सुपर लीग असं जे म्हणतात त्यांचा संशय बिनबुडाचा अजिबात नाही. मूळ आराखड्यात दहा मॅचेस होत्या आणि दोन जागा अशा क्लबांना होत्या जे त्या वर्षी पात्र ठरले नाहीत पण जुन्या कामगिरीचं पुण्य गाठीशी आहे. ती तरतूद खरोखर घाण होती. मे २०२२ ला ती काढली, मॅचेस आठवर आणल्या. लोक ओरडले म्हणून काढली, आणि म्हणूनच मला आत्ताच्या ओरडण्याचं वाईट वाटतं, कारण ते चुकीच्या ठिकाणी खर्च होतंय. त्या दोन जागा आता आधल्या वर्षी युरोपात चांगली कामगिरी केलेल्या दोन देशांना जातात, २०२४-२५ ला इटली आणि जर्मनीला गेल्या, आपापल्या लीगमध्ये पाचव्या आलेल्या बोलोन्या आणि डॉर्टमुंडला. श्रीमंत देशाला अजून एक जागा. यावर बोला ना.

आणि सगळ्यात आधी बोला खेळाडूंच्या शरीराबद्दल. इथे टीकाकारांपुढे मी पूर्ण हात टेकतो, कारण आठ मॅचेस म्हणजे दोन वाढल्या, प्लेऑफ खेळणाऱ्याला चार वाढल्या, आणि पीएसजीला कपसाठी १७ खेळाव्या लागल्या, जिथे आधी १३ मध्ये व्हायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये सिटीचा रोद्री पत्रकारांसमोर म्हणाला होता की खेळाडू संपाच्या जवळ आलेत. पाच दिवसांनी आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. एका दुखापतीवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, पण पीएसजीचं पुढचं कॅलेंडर बघा. ३१ मेला म्युनिकची फायनल, १५ जूनला कॅलिफोर्नियाच्या दुपारच्या उन्हात क्लब वर्ल्डकपची पहिली मॅच, १३ जुलैला न्यू जर्सीत तिची फायनल, चेल्सीकडून ०-३, आणि तिथून बरोबर एक महिन्याने, १३ ऑगस्टला, इटलीत उदिनेला टॉटनहॅमविरुद्ध सुपर कप. एका सीझनमध्ये पीएसजीच्या ६५ मॅचेस झाल्या, तेही अठरा संघांच्या लीगमध्ये खेळून.

आता कापायचं कुठे यावर माझं मत पक्कं आहे. चॅम्पियन्स लीगच्या आठ मॅचेस, ज्यात प्रत्येक गोल चार महिन्यांनी परत येऊन हिशोब मागतो, त्या कापू नका. फ्रान्सने २०२२-२३ ला एकदम चार क्लब खाली पाठवले आणि पुढच्या सीझनपासून लीग वीसवरून अठरावर आणली, ३८ च्या ३४ मॅचेस झाल्या, जर्मनीत तर कित्येक वर्षं अठराच आहेत. इंग्लंड, स्पेन, इटली अजून वीसवरच बसलेत आणि खेळाडू दमतात म्हणून त्यांचे मालक बोट दाखवतात यूएफाकडे. इंग्लंडमध्ये लीग कपच्या सेमीफायनलला अजूनही दोन-दोन मॅचेस खेळवतात, तिथून सुरुवात करा. मग त्या तिन्ही लीगांमधून चार-चार आठवडे मोकळे करा, आणि क्लब वर्ल्डकपच्या उन्हाळ्यात खेळाडूला सलग सहा आठवडे घरी बसवण्याची सक्ती कायद्यात लिहा. या मागण्यांसाठी कोणी टपरीवर भांडायला आला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन, अगदी तो लिव्हरपूलवाला असला तरी.